विमान वर आल्यानंतरची दहा वर्षे

सांगलीतल्या ज्या सार्वजनिक विश्वस्त संस्थेचे हिशेब मी पाहतो, तिच्याकडे गेल्या हिवाळ्यात एक वेगळेच मागणीपत्र आले. आमची संस्था शिष्यवृत्त्या देते, वाचनालयांना कपाटे घेऊन देते, क्वचित एखाद्या जुन्या वाड्यातल्या दप्तराची सूची करण्याचा खर्च उचलते. या पत्रात मात्र दुसऱ्या महायुद्धात अरुणाचल प्रदेशाच्या डोंगरांत कोसळलेले एक वाहतूक विमान शोधावे, त्याचे अवशेष महाराष्ट्रात आणून जोडावेत आणि विद्यार्थ्यांसाठी मांडावेत अशी योजना होती आणि तिच्या पहिल्या मोहिमेसाठी मदत मागितली होती. सोबत रंगीत चित्रे आणि एक शिफारसपत्र होते. आमचे एक ज्येष्ठ विश्वस्त म्हणाले, ‘‘कवलापूरच्या धावपट्टीवर विमान उतरायची आपण इतकी वर्षे वाट पाहतोय, त्याआधी हे येईल.’’ हसून झाल्यावर टिपण तयार करण्याचे काम माझ्याकडे आले. हा लेख म्हणजे त्याच टिपणाचा विस्तार आहे.

प्रथम विषय नीट समजून घेऊ. १९४२ ते १९४५ या काळात आसाममधल्या चबुआ, दिंजान अशा तळांवरून चीनमधल्या कुनमिंगकडे हिमालयाच्या पूर्व टोकावरून मालवाहतूक चालत असे. या मार्गाला वैमानिक ‘हंप’ म्हणजे उंटाची मदार म्हणत. खराब हवा, बर्फ आणि अपुरे नकाशे यांमुळे या मार्गावर सुमारे सहाशे विमाने गेली आणि त्यांतली कित्येक आजही जंगलात पडून आहेत. जगभर अशा विमानांच्या मागे लागलेले लोक आहेत, पण ते सगळे एकाच जातकुळीचे नाहीत. कोणाला हरवलेल्या वैमानिकांचे काय झाले याचा छडा लावायचा असतो, कोणाला विमान पुन्हा उडवायचे असते, कोणाला ते जसेच्या तसे संग्रहालयात ठेवायचे असते, तर कोणाला ते विकायचे असते. यातले कोणतेही उद्दिष्ट मुळात बेकायदा किंवा लाजिरवाणे नाही. अडचण तेव्हा येते, जेव्हा एका उद्दिष्टाच्या नावाने पैसा मागितला जातो आणि तो दुसऱ्याच उद्दिष्टावर खर्च होतो, आणि हा फरक पत्रातल्या चित्रांवरून कधीच कळत नाही.

म्हणून पहिला प्रश्न पुराव्याचा. विमान तिथे आहे, असे म्हणण्याला आधार काय? बर्मामधल्या स्पिटफायर या ब्रिटिश लढाऊ विमानांची हकिगत या बाबतीत फार बोलकी आहे. युद्ध संपताना ब्रिटिशांनी खोक्यांत बंद केलेली कोरी स्पिटफायर विमाने बर्मामध्ये जमिनीत पुरून ठेवली, अशी एका ब्रिटिश शेतकऱ्याची ठाम समजूत होती आणि तो १९९६ पासून तिच्या मागे होता. आकडा वाढत वाढत सव्वाशेच्या घरात गेला. एप्रिल २०१२ मध्ये ब्रिटनच्या पंतप्रधानांनी बर्माच्या अध्यक्षांशी हा विषय काढला, संगणकावरचे खेळ बनवणारी एक मोठी कंपनी पैसे द्यायला पुढे आली, आणि विमाने मिळाल्यावर त्यांची वाटणी कशी करायची याचा करारही झाला. बाजारात तुरी म्हणतात ती हीच. जानेवारी २०१३ मध्ये यांगोनच्या (म्हणजे जुन्या रंगूनच्या) विमानतळावर खोदाईची वेळ आली तेव्हा सोबत आलेल्या पुरातत्त्वज्ञांनी आणि अभिलेखतज्ज्ञांनी जुन्या नोंदी वाचून काढल्या होत्या. १९४५-४६ मध्ये रंगूनच्या गोदीत तीन जहाजांतून एकूण ३७ विमाने आली, त्यांत खोक्यांतले एकही स्पिटफायर नव्हते आणि आलेली बहुतेक विमाने पुढे परत पाठवली गेली, असे त्या नोंदी सांगत होत्या. खोदून काहीच मिळाले नाही.

या गोष्टीत मला लबाडी दिसत नाही. साक्षीदारांच्या आठवणी प्रामाणिक असतील. पण जे काम कागदपत्रांच्या खोलीत काही महिन्यांत आणि थोडक्या खर्चात झाले असते, ते यंत्रे नेऊन झाल्यावर झाले. शिवाय पुरलेली वस्तू आपोआप टिकते हे गृहीतकही कोणी तपासले नव्हते. सांगलीच्या माणसाला हे वेगळे सांगायला नको. हरिपूरच्या पेवांत हळद वर्षानुवर्षे राहत असे ती तिथल्या मातीच्या गुणामुळे, आणि २००५ च्या पुराचे पाणी शिरल्यावर त्याच पेवांतली हळद गेली. रंगूनच्या पावसाळी, पाणथळ जमिनीत लाकडी खोक्यांतले ॲल्युमिनिअम सत्तर वर्षे कोरे राहील, हे कोणत्या आधारावर मानायचे?

याच प्रश्नाची दुसरी बाजू अशी की गट स्वतःची चूक मान्य करतो का. अमेरिकी वैमानिक अमेलिया इअरहार्ट २ जुलै १९३७ रोजी प्रशांत महासागरावर बेपत्ता झाल्या. ऐतिहासिक विमाने शोधण्याचेच नाव घेऊन १९८५ मध्ये अमेरिकेत स्थापन झालेली टायगर ही संस्था दशकानुदशके निकुमारोरो बेटावर मोहिमा काढते आहे. त्यांना चपलेचे तुकडे, बाटल्या, पत्र्याचे भाग असे बरेच काही सापडले, पण ते इअरहार्ट यांचेच होते हे निर्विवाद ठरलेले नाही. २०१३ मध्ये एका मोठ्या देणगीदाराने ‘विमान तुम्हाला आधीच सापडले होते, तरी माझ्याकडून पैसे घेतलेत’ असा दावा या संस्थेवर लावला आणि न्यायालयाने तो फेटाळला. म्हणजे संस्था निर्दोष ठरली ती विमान सापडलेले नाही म्हणूनच! याउलट जानेवारी २०२४ मध्ये एका अमेरिकी समुद्रशोध कंपनीने समुद्रतळावरच्या विमानासारख्या आकृतीचे ध्वनिचित्र प्रसिद्ध केले, जगभर गाजावाजा झाला, आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये जवळून पाहिल्यावर तो खडक निघाला. हे त्या कंपनीने स्वतःच जाहीर केले. माझ्या मते देणगीदाराने ही दुसरी कृती जास्त मोलाची मानावी. ‘काय दिसले तर तुम्ही हा शोध थांबवाल?’ या प्रश्नाला ज्या गटाकडे लेखी उत्तर नाही, त्याचा शोध पैसे आहेत तोवर चालू राहतो.

दुसरा प्रश्न जतनाचा. आता विमान खरोखरच सापडले असे समजा. बहुतेक लोकांची कल्पना अशी असते की अवघड भाग संपला. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे, आणि मागणीपत्रांत याबद्दल सर्वांत कमी लिहिलेले असते. ऑगस्ट २०१९ च्या महापुरानंतर सांगलीत ज्यांनी भिजलेली पुस्तके हाताळली आहेत त्यांना हे लगेच कळेल. पुस्तके पाण्यातून बाहेर काढायला एक दिवस पुरला, पण चिकटलेली पाने सोडवणे, सावलीत वाळवणे, बुरशी रोखणे यात महिने गेले, आणि ज्या गठ्ठ्यांकडे आठवडाभर कोणी पाहिले नाही ते पाण्याबाहेर येऊनच नष्ट झाले.

विमानाचे तसेच होते, फक्त कारण वेगळे असते. त्या काळातली विमाने ड्युराल्युमिनची, म्हणजे थोडे तांबे मिसळलेल्या ॲल्युमिनिअमची असत. शुद्ध ॲल्युमिनिअमवर ऑक्साइडचा पातळ थर धरतो आणि तोच त्याचे रक्षण करतो. तांबे मिसळल्याने धातू मजबूत होतो, पण गंजायलाही सोपा होतो. समुद्राच्या मिठातले क्लोराइड तो थर फोडतात आणि सांध्यांत, रिव्हेटखाली मुरून बसतात. खोल पाण्यात, गाळाखाली ऑक्सिजन कमी असल्यामुळे ही क्रिया मंद असते. विमान पाण्याबाहेर आले की ओलावा, मीठ आणि ऑक्सिजन तिन्ही एकत्र येतात आणि सत्तर वर्षांत झाले नाही ते नुकसान काही महिन्यांत होते. जिथे पोलादी बोल्ट ॲल्युमिनिअमला चिकटलेले असतात तिथे तर दोन धातूंमधला विद्युतप्रवाहच ॲल्युमिनिअम खातो.

ब्रिटनच्या हवाई दलाच्या संग्रहालयाने १० जून २०१३ रोजी गुडविन सँड्सजवळच्या समुद्रातून एक जर्मन डॉर्निअर-१७ बॉम्बफेकी विमान उचलले. ते २६ ऑगस्ट १९४० रोजी पाडले गेले होते आणि त्या प्रकारचे इतके पूर्ण विमान जगात दुसरे उरलेले नाही. संग्रहालयाने उचलण्याआधीच कॉसफर्ड येथे प्लास्टिकचे बोगदे उभारून ठेवले होते, त्यांत सायट्रिक ॲसिडचे सौम्य द्रावण विमानावर सतत फवारण्याची सोय होती. फवारणीने समुद्री जीवांची पुटे सुटतात आणि क्लोराइड बाहेर येतात. हे काम वर्षानुवर्षे चालले. एवढी राष्ट्रीय संस्था, एवढी पूर्वतयारी, आणि तरीही प्रेक्षकाला पाहायला मिळतो तो एक खंगलेला सांगाडा, नवे कोरे विमान नव्हे. म्हणून एखाद्या गटाच्या अंदाजपत्रकात उचलण्याची रक्कम मोठी आणि नंतरच्या दहा वर्षांचा रकाना रिकामा असेल, तर मी पुढचे पान उलटत नाही. पाण्याऐवजी जंगलातले विमान असले तर रसायनशास्त्र थोडे सौम्य होते, पण छप्पर, कोरडी हवा, कुशल माणसे आणि त्यांचे पगार हे प्रश्न तेच राहतात.

घाई किती महागात पडते याचेही उदाहरण आहे. फेब्रुवारी १९४७ मध्ये ग्रीनलंडच्या बर्फावर उतरलेले ‘की बर्ड’ नावाचे बी-२९ विमान जवळजवळ धडधाकट होते. एका खासगी चमूने १९९४-९५ मध्ये तिथेच नवी इंजिने बसवून ते उडवून आणायचा घाट घातला. एक मेकॅनिक आजारी पडून दगावला. मे १९९५ मध्ये विमान बर्फावर धावू लागले, शेपटीकडच्या सहायक जनित्राचे इंधन सांडून आग लागली आणि अर्धशतक टिकलेले विमान मिनिटांत जळून गेले. त्याच ग्रीनलंडवर १५ जुलै १९४२ रोजी उतरलेल्या आठ विमानांपैकी एक पी-३८ मात्र दुसऱ्या गटाने १९९२ मध्ये २६८ फूट बर्फाखालून, उष्णतेने विहीर पाडून, सुटे करून वर आणले, आणि २६ ऑक्टोबर २००२ रोजी, म्हणजे दहा वर्षांच्या कामानंतर, ते उडाले. धाडस दोघांतही होते. पहिल्या चमूला त्याच हंगामात उडवायचे होते, दुसऱ्याने घाई केली नाही.

मालकी हा तिसरा विषय, आणि सातारा-सांगलीच्या विश्वस्तांना मी तो जरा सविस्तर सांगेन, कारण तो आपल्या कायद्याशी येऊन भिडतो. २४ मे १९४० रोजी फ्रान्समधल्या कॅलेच्या किनाऱ्यावर उतरलेले एक स्पिटफायर १९८० मध्ये वाळूतून वर आले, अनेक वर्षांनी त्याची पुनर्बांधणी झाली आणि २०१५ मध्ये ते ३१ लाख पौंडांना विकले गेले. त्या विक्रीची रक्कम धर्मादाय कामाला गेली, हे सांगितले पाहिजे. पण वाळूतला भंगार पत्रा किती किमतीचा होऊ शकतो हेही त्यातून कळते. पापुआ न्यू गिनीच्या दलदलीत १९४२ पासून पडलेले ‘स्वॅम्प घोस्ट’ हे बी-१७ विमान २००६ मध्ये एका अमेरिकी गटाने बाहेर काढले तेव्हा तिथल्या संसदेच्या समितीने चौकशी केली आणि ते बंदरात अडकून पडले. अखेर २०१० मध्ये ते अमेरिकेत गेले. त्या दलदलीच्या काठच्या लोकांकडे आता काय उरले, हा प्रश्न कोणत्याही प्रदर्शनाच्या फलकावर मावत नाही.

भारतात काय स्थिती आहे? १९७२ चा पुरावस्तू कायदा साधारणपणे शंभर वर्षे जुन्या वस्तूंनाच संरक्षण देतो, त्यामुळे १९४३ चे विमान त्यात अजून बसत नाही. आपल्या राज्यातल्या विश्वस्त संस्थांना १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा लागू आहे. त्याच्या कलम ३६ नुसार धर्मादाय आयुक्तांच्या परवानगीशिवाय संस्थेला स्थावर मालमत्ता विकता येत नाही. विमान मात्र जंगम मालमत्ता आहे. लोकांच्या देणगीतून आणलेले विमान उद्या अडचणीच्या नावाखाली कोणा संग्राहकाला विकले, तर या कलमाचा आधार मिळणार नाही. त्यामुळे देणगीच्या करारातच ‘विक्री नाही, संस्था बंद पडल्यास विमान अमुक सरकारी संग्रहालयाकडे जाईल’ अशी अट लिहून घ्यावी लागते. अमेरिकेत मिशिगन सरोवरातून नौदलाची विमाने खासगी कंपन्यांनी काढली, पण मालकी नौदलाकडेच राहिली आणि विमाने संग्रहालयांना उसनी दिली गेली. मिडवेच्या लढाईतून वाचलेले एक डाँटलेस विमान असेच पेन्साकोलाच्या संग्रहालयात पोहोचले. मला ही पद्धत सर्वांत स्वच्छ वाटते. करात सवलतीचे प्रमाणपत्र असणे म्हणजे संस्था चांगली असणे, असा समज आपल्याकडे आहे. त्या प्रमाणपत्राचा मालकीच्या प्रश्नाशी काही संबंध नाही.

आणि विमानात माणसे असतात. या मुद्द्यावर सातारा जिल्ह्यात फार समजावावे लागत नाही. पहिल्या महायुद्धात ४६ जवान गमावलेल्या अपशिंगे गावात ‘गेला तो परत आला नाही’ या वाक्याचा अर्थ घराघरांत माहीत आहे. ७ फेब्रुवारी १९६८ रोजी चंदीगडहून लेहकडे निघालेले आपल्या हवाई दलाचे एएन-१२ विमान १०२ जणांसह हिमाचलच्या हिमनद्यांत नाहीसे झाले. २००३ मध्ये गिर्यारोहकांना अवशेष दिसले, आणि २०२४ मध्ये, म्हणजे ५६ वर्षांनी, आणखी चार जवानांचे मृतदेह मिळाले; खिशातल्या कागदांवरून काहींची ओळख पटली. ते काम सैन्याच्या शिस्तीने झाले. उत्साही हौशी गट तिथे आधी पोहोचून हाडे आणि कागद हलवून बसला असता, तर ती ओळख कायमची हरवली असती. ब्रिटनमध्ये १९८६ च्या कायद्यानुसार लष्करी विमानाचे अवशेष खोदायला परवाना लागतो आणि मानवी अवशेष असण्याची शक्यता असेल तर तो सहसा मिळत नाही. अरुणाचलमध्ये २५ जानेवारी १९४४ रोजी पडलेल्या एका अमेरिकी बी-२४ विमानाची जागा एका खासगी शोधकाने २००६ मध्ये दाखवून दिली, पण अवशेष काढले ते सरकारी पथकाने, आणि २०१६ मध्ये ते अमेरिकेला सुपूर्द झाले. खासगी उत्साहाची मर्यादा कुठे असावी, हे मला यापेक्षा चांगले सांगता येत नाही. शोधणाऱ्याने जागा नोंदवावी, छायाचित्रे घ्यावीत आणि हात मागे घ्यावेत.

इथे थोडे आडवळण. महाराष्ट्रापुरते बोलायचे तर जुनी विमाने वाचवण्याचे सर्वांत मोठे काम कोणत्याही शोधमोहिमेने केलेले नाही. युद्धानंतर कानपूरला मोडीत टाकलेली बी-२४ लिबरेटर विमाने १९४८ पासून हिंदुस्तान एअरक्राफ्टने एकेक करून दुरुस्त केली, ती हवाई दलाने पुण्याच्या तळावरून १९६८ पर्यंत वापरली, आणि जगात इतरत्र ही विमाने भंगारात गेल्यामुळे लंडनच्या आणि अमेरिकेतल्या संग्रहालयांना ती आपल्याकडून न्यावी लागली. वापरात ठेवलेली वस्तू टिकते. २६ सप्टेंबर २०२५ रोजी मिग-२१ निवृत्त झाले; आता चौकाचौकांत, शाळाशाळांत ती मांडण्याची मागणी होईल. उन्हापावसात खांबावर चढवलेल्या त्या विमानाला पाच वर्षांनी रंग कोण देणार, एवढे आधी ठरवले तरी पुष्कळ आहे.

आमच्या टिपणात मी शेवटी संस्थेचे कागद कसे वाचावेत तेही लिहिले. लेखापरीक्षण झालेले तीन वर्षांचे हिशेब पाहावेत, पण फक्त एकूण आकडे पाहू नयेत. प्रवास, छायाचित्रण आणि सत्कार यांवरचा खर्च संशोधन व जतन यांवरच्या खर्चाच्या किती पट आहे ते काढावे. गटात धातुजतन जाणणारे कोणी आहे का, की सगळेच वैमानिक आणि छायाचित्रकार आहेत? विश्वस्त आणि विमान दुरुस्त करणारी कार्यशाळा एकाच कुटुंबाची तर नाही? त्या जागेच्या गावपंचायतीचे आणि राज्य सरकारचे लेखी म्हणणे आहे का? अरुणाचलमधल्या पासीघाटला २०२३ मध्ये हंपच्या युद्धकाळावर एक संग्रहालय सुरू झाले आहे. विमान त्याच भूमीवर मांडण्याऐवजी हजारो किलोमीटर दूर महाराष्ट्रात का आणायचे, हाही प्रश्न मी विचारला होता. लहान गटाकडे या सगळ्याची छापील उत्तरे नसतील, त्याने माझे काही बिघडत नाही. ‘हे आम्हाला अजून ठरवायचे आहे’ असे लिहिणाऱ्या गटावर माझा जास्त विश्वास बसतो.

बैठकीत दोन तास चर्चा झाली. एका विश्वस्तांना सगळी रक्कम द्यावी असे वाटत होते, दुसऱ्यांना एक पैसाही देऊ नये असे. अखेर मोहिमेसाठी काहीही न देता, दिल्लीतल्या आणि परदेशातल्या अभिलेखागारांत त्या विमानाच्या नोंदी शोधण्यासाठी एका अभ्यासकाचा सहा महिन्यांचा खर्च द्यावा, त्याचे टिपण, निष्कर्ष काहीही निघो, सर्वांना खुले ठेवावे आणि त्यानंतरच पुढचा अर्ज घ्यावा असा ठराव झाला. गटाने पंधरा दिवसांनी होकार कळवला, आणि पत्रात एक ओळ जास्तीची होती: विमानात किती जण होते आणि त्यांचे मृतदेह मिळाले होते का, हे आधी पाहू.